सीटीएक्सचे दोन लॅबमधले दोन आकडे: खरा कोणता मानायचा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आईंचं वय ६७, मणक्यातल्या हाडांची घनता कमी, म्हणून मार्चपासून आठवड्याला एक अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी चालू आहे. गोळी सुरू करण्याआधी एका लॅबमध्ये (तिला 'अ' म्हणू) सीटीएक्स, म्हणजे हाडांची मोडतोड किती होतेय ते दाखवणारी रक्ताची तपासणी, केली तेव्हा ०.६१ आलं. सप्टेंबरमध्ये घराजवळच्या 'ब' लॅबने घरी येऊन रक्त नेलं, तिथे आलं ४०२. डॉक्टर म्हणाले, अपेक्षेएवढी घट नाही, सहा महिन्यांनी एकदा घ्यायच्या इंजेक्शनचा विचार करू. तुम्ही धास्तावून आठवड्याभराने पुन्हा 'अ' लॅब गाठलीत, तिथे ०.३२. तुमचा सवाल असा की साखर कुठेही तपासली तरी उन्नीस-बीस तीच येते, मग हाडांच्याच तपासणीत हा घोळ का, आणि यातली कोणती लॅब चुकते आहे?

तुम्ही दिलेल्या माहितीवरून मला दोघींपैकी कोणीच चुकलेली दिसत नाही. खरी अडचण वेगळी आहे: मार्चचा आकडा एका पद्धतीचा, सप्टेंबरचा दुसऱ्या पद्धतीचा, आणि दोघांची वजाबाकी करून औषधाचा निकाल लावला गेला. ही वजाबाकीच मुळात करायला नको होती. का, ते जरा विस्ताराने सांगतो, कारण हा प्रश्न आमच्याकडे रिपोर्ट न्यायला येणाऱ्यांपैकी बरेच जण विचारतात आणि काउंटरवर उभ्या उभ्या त्याचं उत्तर देता येत नाही.

सुरुवात एककापासून. 'अ' लॅब नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर छापते, 'ब' पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. ०.६१ नॅनोग्रॅम म्हणजे ६१० पिकोग्रॅम. म्हणजे तुमचे आकडे एका ओळीत मांडले तर ६१०, ४०२ आणि ३२०. हे तुम्ही ओळखलंत, पण 'सीटीएक्स अर्ध्यावरून एकदम चारशेवर गेलं' म्हणून घाबरून आलेली माणसं मी पाहिली आहेत. आता टक्केवारी पाहा. 'ब'चा आकडा धरला तर घट ३४ टक्के, 'अ'चा धरला तर ४८ टक्के. या दोन टक्केवाऱ्यांमध्येच डॉक्टरांचा निर्णय अडकला आहे.

आता हे मोजतात काय? आपलं हाड आयुष्यभर थोडं थोडं कुरतडलं जातं आणि पुन्हा भरलं जातं. हाडातल्या प्रथिनांपैकी सुमारे ९० टक्के कोलॅजेन असतं, तेही मुख्यतः टाइप वन प्रकारचं. हाड कुरतडलं गेलं की या कोलॅजेनच्या टोकाचे तुकडे रक्तात येतात, ते सीटीएक्स. नवं हाड घडताना कोलॅजेनच्या कच्च्या रेणूचं दुसरं टोक कापून टाकलं जातं, ते पी१एनपी. एक मोडतोडीचा निर्देशक, दुसरा बांधणीचा. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑस्टिओपोरोसिस फाउंडेशन म्हणजे आयओएफ आणि क्लिनिकल केमिस्ट्रीचा आंतरराष्ट्रीय महासंघ म्हणजे आयएफसीसी, या दोन संस्थांनी मिळून सुचवलं की जगभरच्या अभ्यासांत निदान हे दोन निर्देशक तरी सामाईक ठेवा. त्याआधी जो तो आपापल्या आवडीचा निर्देशक वापरत होता आणि एका अभ्यासाचा दुसऱ्याशी मेळ बसत नव्हता.

निर्देशक ठरले, पण मोजमाप एक झालं नाही. साखरेचं सोपं आहे. ग्लुकोज हा एकच रेणू, जगात कुठेही तोच. त्याचं शुद्ध द्रावण वजन करून बनवता येतं आणि सगळ्या लॅबची साखळी शेवटी त्या द्रावणापर्यंत नेता येते. सीटीएक्स असं नाही. ते नाव एका रेणूचं नसून तुकड्यांच्या एका कुटुंबाचं आहे. त्यात आठ अमिनो आम्लांची एक छोटी साखळी असते. तिच्यातल्या अ‍ॅस्पार्टिक आम्लापाशी हाड जसजसं जुनं होतं तसतशी रचना बदलते, 'अल्फा'ची 'बीटा' होते. रक्ताची चाचणी दोन अँटिबॉडी वापरते आणि जोडलेल्या दोन साखळ्या, दोन्ही बीटा रूपातल्या, अशाच तुकड्याला पकडते. पण तुकडे लहान-मोठे असतात. प्रत्येक कंपनीची अँटिबॉडी त्यांना सारख्याच घट्टपणे धरत नाही. शिवाय किटमधलं कॅलिब्रेटर, म्हणजे ज्याच्याशी तुलना करून यंत्र आकडा देतं ते प्रमाण द्रावण, हे प्रयोगशाळेत बनवलेलं पेप्टाइड असतं. ते माणसाच्या रक्तातल्या तुकड्यांसारखंच वागेल याची खात्री नाही. आमच्या धंद्यात खरी मेख इथेच आहे.

जुन्या काळी गावोगावची पायली वेगळी असायची. एकाच गावात, त्याच पायलीने मोजत राहिलात तर यंदा ज्वारी जास्त झाली की कमी, ते बरोबर कळायचं. दोन गावांच्या पायल्यांची वजाबाकी केलीत की भांडणं. सीटीएक्स अजून बरंचसं पायलीच्या काळात आहे.

मग कोणी काही करत नाहीये का? करताहेत. आयएफसीसी आणि आयओएफ यांची हाडांच्या चयापचयावरची संयुक्त समिती नेमकं हेच काम करते. तिने युरोपातल्या अनेक केंद्रांतून गोळा केलेले तेच नमुने वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर लावून पाहिले. पी१एनपीचा निष्कर्ष २०१९ मध्ये आला, बराच दिलासा देणारा: मूत्रपिंडं ठीक असतील तर प्रमुख पद्धती एकमेकींच्या बऱ्यापैकी जवळ आहेत आणि त्यांचा मेळ घालणं शक्य आहे. सीटीएक्सचा निष्कर्ष २०२१ मध्ये आला तो तितकासा गोड नव्हता. पद्धतींमध्ये लक्षणीय फरक दिसला. सगळ्यांना चालेल असं, खऱ्या रक्ताच्या जातकुळीचं सामाईक संदर्भद्रव्य तयार झाल्याशिवाय तो मिटणार नाही. म्हणून 'ब'चा आकडा अमुक संख्येने गुणला की 'अ'चा मिळेल असा एखादा गुणक मी तुम्हाला देत नाही, आणि कोणी दिला तर त्यावर विसंबू नका.

असं काम होऊ शकतं याचा पुरावा तुमच्या घरातच सापडेल. मधुमेहाची एचबीए१सी आज तुम्ही कुठेही करता आणि ६.५ चा अर्थ सगळीकडे तोच लावता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तसं नव्हतं. १९९३ मध्ये डीसीसीटी हा मोठा अमेरिकी अभ्यास प्रसिद्ध झाला, एचबीए१सीचं महत्त्व सिद्ध झालं, आणि मग १९९६ पासून एनजीएसपी या कार्यक्रमाने कंपन्यांना आपल्या किट्स त्या अभ्यासाच्या पद्धतीशी जुळवायला लावल्या. जुळवाजुळवीला वर्षं गेली. हाडांच्या निर्देशकांच्या बाबतीत ती ढकलाढकली अजून चालू आहे. माझं स्पष्ट मत असं की बाजार लहान असल्यामुळे कंपन्यांना घाई नाही.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तुम्ही लिहिलंय की 'दोन्ही लॅब एनएबीएलच्या आहेत, तरीही'. एनएबीएलची, म्हणजे लॅब तपासून मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असणं चांगलंच. लॅब आपली पद्धत नीट पाळते, रोज कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेला नमुना, लावते, बाहेरून आलेले अनोळखी नमुने तपासून आपली परीक्षा देते, एवढं त्यावरून कळतं. पण या बाहेरच्या परीक्षेत सहसा तुमची तुलना तुमच्याच पद्धतीच्या इतर लॅबशी होते. 'अ' तिच्या वर्गात पास, 'ब' तिच्या वर्गात पास. दोन वर्गांचे पेपर सारखे होते का, हे ती परीक्षा विचारतच नाही. तुमच्या दोन्ही रिपोर्टवर 'मेथड' असं लिहून पुढे काय छापलंय ते बघा. एकावर 'ईसीएलआयए' आणि दुसऱ्यावर 'सीएलआयए' किंवा 'एलायझा' असेल तर यंत्र आणि किट वेगवेगळे आहेत हे नक्की. दोन्हींवर एकच शब्द असला तरी कंपनी वेगळी असू शकते, तेव्हा फोन करून विचारा. विचारल्यावर लॅबने सांगायलाच हवं.

आता फक्त 'अ' लॅबचे दोन आकडे घेऊ. ६१० वरून ३२०, म्हणजे ४८ टक्के घट. ही खरी घट आहे की नुसती चढउतार? त्याचं एक गणित आहे. निरोगी माणसाचं सीटीएक्स तशाच परिस्थितीत आठवड्या-आठवड्याला घेतलं तरी हलतं. युरोपातल्या ज्या अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांचं रक्त दहा आठवडे घेतलं होतं, त्यात ही हालचाल सीटीएक्ससाठी सुमारे १५ टक्के आणि पी१एनपीसाठी सुमारे ९ टक्के निघाली. त्यात यंत्राची स्वतःची चूक धरायची. ती सीटीएक्सला ४ टक्के धरू. दोन्हींचे वर्ग करून बेरीज, तिचं वर्गमूळ, आणि त्याला २.७७ ने गुणायचं. उत्तर येतं साधारण ४३ टक्के. म्हणजे दोन आकड्यांमधला फरक ४३ टक्क्यांहून जास्त असेल तरच 'बदल झाला' असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. पी१एनपीला यंत्राची चूक ३ टक्के धरली तर हीच मर्यादा २६ टक्क्यांच्या आसपास येते. याला आम्ही 'लीस्ट सिग्निफिकंट चेंज' म्हणतो.

४८ ही ४३ च्या पुढे आहे. ३४ अलीकडे आहे. काही जण म्हणतात, आपल्याला फक्त घट शोधायची आहे, वाढ नाही, तेव्हा २.७७ ऐवजी २.३३ घ्या. तसं केलं तर मर्यादा ३६ टक्क्यांवर येते. ३४ तरीही अलीकडेच राहते, पण अगदी उंबरठ्यावर. ही रेघ म्हणजे काही दगडी भिंत नाही. चांगल्या डॉक्टरांना ते ठाऊक असतं. मात्र डॉक्टरांसमोर नुसती ३४ ही संख्या ठेवली आणि तिच्यामागे दोन वेगळ्या पद्धती आहेत हे सांगितलंच नाही, तर त्यांनी काय करावं?

अजून एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. 'ब'चे ४०२ आणि 'अ'चे ३२० यांतला सगळाच फरक पद्धतीच्या माथी मारता येणार नाही. आठवड्याच्या अंतराने त्याच लॅबमध्येही एवढा फरक येऊ शकतो, हे वरच्या गणितातून दिसतंच. आणि रक्त घेण्याची वेळ आहेच. तुम्ही लिहिलंय की 'ब'चा मुलगा सकाळी सव्वासहाला घरी आला आणि 'अ'मध्ये तुम्ही नऊच्या सुमारास गेलात. सीटीएक्सला दिवसाचं चक्र असतं. ते मध्यरात्रीनंतर, पहाटेच्या आधी सर्वांत वर जातं, मग उतरत उतरत दुपारी तळाला येतं. त्यामुळे भल्या पहाटेचा नमुना नऊच्या नमुन्यापेक्षा जास्त येणं स्वाभाविक आहे. पद्धत, वेळ आणि शरीराची रोजची हालचाल, या तिघांपैकी कोणाचा वाटा किती, ते आता वेगळं काढता येणार नाही.

खाण्याचा परिणाम तर त्याहून मोठा. जेवल्यावर सीटीएक्स खाली येतं. म्हणून रात्रभराचा उपास करून सकाळी साडेसात ते दहाच्या दरम्यान रक्त द्यायचं, असा शिरस्ता आहे. इथे आपल्याकडची एक गंमत सांगायलाच हवी. आम्ही 'उपाशीपोटी या' म्हणतो, आणि चतुर्थी असली की आजी साबुदाण्याची खिचडी खाऊन 'उपासच आहे' म्हणत येतात. दूध घातलेला चहाही चालत नाही. पाणी प्या, बाकी काही नाही. पी१एनपीचं या बाबतीत बरं आहे: त्याला जेवणाचा फारसा फरक पडत नाही, दिवसभरात फारसं हलत नाही आणि नमुन्यात टिकतंही छान.

टिकण्याचा मुद्दा महाराष्ट्रात महत्त्वाचा, कारण सीटीएक्स सगळीकडे होत नाही. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवर घेतलेलं रक्त बऱ्याचदा रात्रीच्या गाडीने पुण्या-मुंबईच्या मुख्य लॅबला जातं. सीटीएक्स साध्या सीरममध्ये जास्त वेळ राहिलं तर तुटत जातं. ईडीटीएच्या ट्यूबमध्ये, म्हणजे जांभळ्या झाकणाच्या, ते बरंच जास्त टिकतं. रक्त घेताना पेशी फुटल्या आणि नमुना लालसर झाला तरी आकडा खाली घसरू शकतो. तेव्हा दोन्ही वेळा एकाच प्रकारच्या ट्यूबमध्ये रक्त घेतलं का, हे विचारणं मुळीच आगाऊपणाचं नाही. काही लॅबचे लोक वैतागतील. वैतागू द्या.

आता ०.३२ वर खूश होण्याआधी एक खात्री करा. आई केसांसाठी किंवा नखांसाठी काही गोळ्या घेतात का? त्यात बायोटिन हे जीवनसत्त्व असतं, ५ किंवा १० मिलिग्रॅमसुद्धा. काही यंत्रांची चाचणी बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन यांच्या बंधावर चालते. रक्तात बायोटिन जास्त असेल तर सीटीएक्ससारख्या चाचण्यांमध्ये आकडा खोटाच कमी येतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये बायोटिनबद्दल इशारा दिला होता. त्यानंतर कंपन्यांनी किट सुधारल्या, पण तुमच्या लॅबमध्ये कोणती आहे ते विचारा. घेत असतील तर पुढच्या तपासणीआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा आणि लॅबला सांगा.

क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचं काम दाखवणारी तपासणी, पाहिलंय का? तुमच्या मजकुरात उल्लेख नाही. मूत्रपिंडं मंदावली की सीटीएक्स साठत जातं आणि औषध काम करत असूनही आकडा खाली येत नाही. पी१एनपीतही एक खोच आहे. त्याचं मूळ रूप तीन साखळ्यांचं. ते यकृत साफ करतं. सुटी साखळी मात्र मूत्रपिंडावाटे जाते. काही किट फक्त तीन साखळ्यांचं रूप मोजतात, काही दोन्ही मिळून. मूत्रपिंडं ठीक असली तर फरक किरकोळ असतो, बिघडलेली असली की 'दोन्ही मिळून' मोजणारा आकडा फुगतो. अशा रुग्णांसाठी हाडाचं स्वतंत्र अल्कलाइन फॉस्फेटेज किंवा तीन साखळ्यांचं पी१एनपी जास्त भरवशाचं. आणि गेल्या वर्षभरात कुठे फ्रॅक्चर झालं असेल तर दोन्ही निर्देशक त्यामुळेच वर राहू शकतात. मनगटाचं बारीकसंही मोजायचं.

तुम्ही जाता जाता विचारलंत की दातांच्या डॉक्टरांनी दाढ काढण्याआधी सीटीएक्स १५० च्या वर हवं असं सांगितलं. हा आकडा २००७ च्या सुमारास अमेरिकेतल्या एका लहान अभ्यासातून आला आणि पुढे पसरत गेला. नंतरच्या कामात त्याला आधार मिळाला नाही, आणि त्यावरून जबड्याच्या हाडाचा धोका ठरवावा असं मुख्य संस्था सांगत नाहीत. शिवाय एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीवर लावायचा, हा तोच दोष. दाढ दुखत असेल तर ती काढण्याचा निर्णय दातांच्या आणि हाडांच्या डॉक्टरांनी बोलून घ्यावा. सीटीएक्ससाठी ताटकळत बसू नका.

रिपोर्टवर छापलेल्या 'नॉर्मल रेंज'वरही फार जाऊ नका. ती बऱ्याचदा किटच्या कागदावरची, युरोपातल्या बायकांवरून काढलेली असते. उपचार चालू असलेल्या बाईसाठी रेंजमध्ये असणं हे उत्तरच नव्हे. पाळी जाण्याआधीच्या तरुण बायकांच्या पातळीच्या खालच्या अर्ध्या भागात आकडा यायला हवा, असा एक मापदंड तज्ज्ञ वापरतात. त्याला सीटीएक्ससाठी २८० आणि पी१एनपीसाठी ३५ असे आकडे दिले जातात, पण तेही युरोपातलेच. आईंचं ३२० म्हणजे त्या रेषेपर्यंत अजून पोचलेलं नाही, हे खरं. माझ्या मते सहा महिन्यांत स्वतःच्याच आकड्याच्या निम्म्यावर येणं, हा औषध लागू पडल्याचा पुरेसा पुरावा आहे.

तर डॉक्टरांकडे जाताना मार्चचा आणि सप्टेंबरचा असे 'अ' लॅबचे दोन रिपोर्ट शेजारी ठेवा. 'ब'चा रिपोर्ट लपवू नका, पण पद्धत वेगळी होती आणि रक्त पहाटे घेतलं होतं हे सांगा. गोळी कशी घेतली जाते तेही सांगा: सकाळी उठल्या उठल्या, साध्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास काही न खाता-पिता आणि आडवं न होता. चहाबरोबर गोळी घेणारे रुग्ण कमी नाहीत. सीटीएक्स उतरत नाही तेव्हा मी तरी आधी हेच विचारतो. खर्च परवडत असेल तर पुढच्या वेळी 'अ'मध्येच, त्याच सुमाराच्या वेळेला, सीटीएक्सबरोबर पी१एनपीही करून घ्या. गोळीच्या आधीचा पी१एनपीचा आकडा तुमच्याकडे नाही, त्यामुळे घट मोजता येणार नाही, पण पुढच्या तुलनेला पाया होईल.

आणि एवढं सगळं पाहून डॉक्टरांनी तरीही इंजेक्शनच सुचवलं, तर त्याला घनतेचा अहवाल, जुनं फ्रॅक्चर, पोटाला गोळी न मानवणं अशी बरीच रास्त कारणं असू शकतात. तो निर्णय त्यांच्यावर सोडा. फक्त ते इंजेक्शन डेनोसुमॅब असेल तर एक पक्कं ध्यानात ठेवा. त्याने सीटीएक्स काही दिवसांतच तळाला जातं, आणि सहा महिन्यांचा डोस चुकला की ते उसळून मूळ पातळीच्याही वर जातं. त्या काळात मणक्याची हाडं चेपण्याचा धोका वाढतो. म्हणून 'सीटीएक्स अगदी कमी आलंय, यंदाचं इंजेक्शन राहू दे' असं घरच्या घरी ठरवायचं नाही. थांबवायचं असलं तर त्याच्या मागोमाग कोणतं औषध द्यायचं, हे डॉक्टरांशी आधी बोलून, डोसची तारीख उलटायच्या आत ठरलेलं असावं.